आमी बी हाय डॉट कॉमचा सौदा

आमच्या दुकानात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. फ्लेक्सचं मशीन चालू असलं की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून दिवसभर जो तो आपापलं पोटात ठेवतो. लाइट गेली की मशीन थांबतं आणि मग सगळं एकदम बाहेर पडतं. आता कळंबला लाइट किती वेळा जाते ते काढा, म्हणजे किस्से किती असतील त्याचा हिशोब लागेल!

त्यात सगळ्यात मोठा साठा नानांच्या डोमेनचा.

दुकान शकीलभाईंचं. ते जुन्नरहून रोज मोटरसायकलवर येतात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, झेरॉक्स आणि कुणाला हवीच असेल तर वेबसाइट. हा 'कुणाला हवीच असेल तर'वाला विभाग माझ्याकडे, कारण मी बीसीए केलंय. नाना आमच्याच महाळुंगे पडवळचे, रोपवाटिकावाले. टोमॅटो, मिरची, झेंडूची रोपं करतात. आमच्या रस्त्याला ओळीने रोपवाटिका आहेत, एकीपेक्षा एकीचा बोर्ड मोठा. नानांची सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लहान. म्हणून त्यांनी बोर्डावर लिहून घेतलं, 'आमी बी हाय'. लोक हसले आणि नाव पक्कं झालं.

शकीलभाईंनी त्याच नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, नानांच्या नावावर घेऊन दिलं. आमी बी हाय डॉट कॉम. इंग्रजी अक्षरांत, पण नाना बोलतात तस्संच, 'आम्ही'तला ह गाळून. वेबसाइटवर एकच फोटो आहे, नाना आणि झेंडूच्या रोपांचा ट्रे. नानांचे डोळे मिटलेले आहेत, पण रोपं छान आलीत.

या पत्त्याला कधी कुणी गिऱ्हाईक मिळेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं. पण उन्हाळ्यात गारपीट झाली, नानांच्या शेडनेटच्या फाटून चिंध्या झाल्या, रोपं उघडी पडली आणि नेमका तेव्हाच तो फोन आला.

*

फोन मी घेतला. तिकडून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, आम्हाला तुमच्याकडचं एक डोमेन विकत घ्यायचंय."

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर फसवणुकीच्या फोनबद्दल मेसेज फिरत होते. मी ओरडलेच, "आमच्याकडे ओटीपी येत नाही!" आणि फोन ठेवला.

पुन्हा वाजला. "मॅडम, मी ओटीपी मागत नाहीये. मी पैसे देतेय."

"सगळे आधी असंच म्हणतात!" मी पुन्हा ठेवला. मग फोनच बंद करून झेरॉक्सच्या कागदाखाली घातला. तिथून तो काय करणार होता कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

संध्याकाळी नाना दुकानात आले. म्हणाले, "प्राजू, पुन्याची एक बाई रडकुंडीला आलीय. माजा नंबर तिला फोटूखाली घावला. म्हनती, तुमच्या त्या मुलीला जरा सांगा, मी चोर न्हाई म्हनून."

*

ती बाई म्हणजे ईशा मॅडम. पुण्याच्या एका कंपनीत होत्या. शेतकऱ्यांसाठी ॲप काढायचं होतं आणि त्याला अस्सल गावाकडचं नाव हवं होतं. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या टीमने खूप अभ्यास केला, गावोगाव फिरून लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि शेवटी 'आम्ही'तला ह काढायचं ठरवलं.

हे मी नानांना सांगितलं. नाना चकितच झाले.

"काढला? त्यांनी घातला कवा व्हता?"

*

आता नक्की काय विकायचंय, हे नानांना समजावणं आलं.

"रोपं द्यायची का त्यांना?"

"रोपं नाही नाना. फक्त पत्ता."

"पत्ता इकल्यावर मी ऱ्हाऊ कुटं?"

शकीलभाई मध्ये पडले. "नाना, दुकान तुमचंच, माल तुमचाच. फक्त इंटरनेटवरची पाटी त्यांना द्यायची. बस, इतनाच."

"मग तिचा सातबारा दाखवा."

मी डोमेनच्या नोंदणीचं पान उघडून दाखवलं. मालकाच्या रकान्यात नानांचं पूर्ण नाव होतं. नानांनी मान तिरकी करून स्क्रीन वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "नाव बरोबर हाय. चतुःसीमा न्हाई. पूर्वेला कोन, पश्चिमेला कोन?"

मला हसू फुटलं. शकीलभाई मात्र गंभीरपणे म्हणाले, "पूर्वेला डॉट इन आहे. मोकळाच पडलाय अजून."

"मोकळा? आन तुमी बसलाय काय राव! त्यो आधी आपल्या नावावर करा. उद्या ही लोकं तितनं बांध कोरत येतील!"

नानांचं समाधान व्हावं म्हणून मी तिथल्या तिथे आमी बी हाय डॉट इनसुद्धा घेऊन टाकलं. शकीलभाई म्हणाले, "जाऊ दे, एका फ्लेक्सचा खर्च."

चार दिवसांनी ईशा मॅडमचा फोन आला. आवाज जरा बसलेला होता. "तुमच्याकडे... डॉट इनसुद्धा आहे?"

*

किमतीचं बोलणं शकीलभाई करणार होते. मला त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं, की फोन आला तर मला हाक मार. फोन आला तेव्हा ते नेमके नमाजाला गेलेले.

"पंचवीस हजार," ईशा मॅडम म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम आकडा!

मी इतकी दचकले, की हातातलं पेन टेबलाखाली गेलं. आता पेन उचलावं की बोलावं? मी पेन शोधायला वाकले. फोन कानाला तसाच.

"बरं, चाळीस."

पेन मशीनच्या पायाशी गेलं होतं. हात पुरत नव्हता. मी श्वास रोखून ओढायला बघत होते.

"मॅडम, तुम्ही फारच कठीण आहात हो," तिकडून आवाज आला. "दोन्ही डोमेनचे मिळून साठ. याच्यावर मला सरांना विचारावं लागेल."

मला शकीलभाई दारात दिसले. मी घाईघाईने पहिला शब्द बोलले, "थांबा!"

"बरं बरं, विचारते मी सरांना," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सगळी हकिकत ऐकून शकीलभाई खुर्चीत बसले. चहा मागवला. मग म्हणाले, "बेटा, इथून पुढे त्यांचे सगळे फोन तूच घ्यायचे. आणि तोंड अजिबात उघडायचं नाही!"

*

मग झाली ती भानगड एका शब्दाची. नाना सकाळी डेअरीवर दूध घालायला जातात. तिथे ते म्हणाले, "एका कंपनीला डोमीन देतोय."

डेअरीतून बाहेर पडेपर्यंत ते 'डोमीन' होतं. चौकात पोचेपर्यंत त्याची 'जमीन' झाली.

दुपारी दुकानात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक एजंट आले. खुर्ची ओढून बसले. "नानांचा सौदा तुमच्याकडून चाललाय म्हनं. रोड टच हाय का?"

दुकानात मी एकटी. म्हटलं, "नाही, म्हणजे... ते सर्व्हरवर आहे."

"सर्व्हे नंबर किती?"

"सर्व्हे नाही हो, सर्व्हर. तो अमेरिकेत असतो."

एजंटांनी खिशातून छोटी डायरी काढली. "मालक अमेरिकेत. मग अवघड न्हाई. कुलमुखत्यारपत्र मागवून घिऊ!"

*

एजंट परवडले. नानांचे शेजारी बबनराव थेट भांडायलाच आले. नाना तेव्हा दुकानातच होते.

"नाना, माजी बैलगाडीची वाट तुज्या त्या डोमीनीतनं जाती. बापजाद्यापसून जाती. कंपनी कुंपन घालंल. आधी वाटेचं लिहून दे."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण नानांनी मला हातानेच थांबवलं. इतक्या वर्षांत बबनरावांनी काही मागितलं आणि नानांना ते सहज देता आलं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"लिही गं प्राजू. डॉट आन कॉमच्या मधनं बबनची बैलगाडी कायम जाईल. आमची हरकत न्हाई."

बबनरावांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून बंडीत ठेवला आणि नानांना चहा पाजला!

*

तिसऱ्या दिवशी एसटीतून अक्का उतरल्या. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, ओतूरला दिलेली. घरी न जाता पिशवी घेऊन तडक दुकानात. "नानानं जमीन इकाय काढली, आन मला एक फोन न्हाई?"

आवाज असा, की मी उठून उभी राहिले आणि माझ्यामागे खुर्ची आडवी झाली. शकीलभाईंनी ती उचलून अक्कांनाच बसायला दिली, पाणी दिलं आणि नानांना बोलावणं धाडलं. तोवर मी स्क्रीनवर वेबसाइट उघडली. अक्कांनी चष्मा लावला.

"ह्यात जमीन कुटं हाय?"

"जमीन नाहीच अक्का. फक्त नाव आहे. नाव विकतायत नाना."

अक्कांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. मला वाटलं, पटलं. त्या म्हणाल्या, "काय बी असू दे. पन इकायचं हाय ना?"

"हो."

"मग माजी सही लागंल."

मी म्हटलं, "अक्का, याला सही लागत नाही. कॉम्प्युटरवर नुसतं क्लिक करायचं असतं."

"मग मी बी क्लिक करीन."

एवढ्यात नाना आले. मला वाटलं, आता यांची जुंपणार. मी हळूच पाण्याचा जग बाजूला ठेवला. पण नाना दारातूनच म्हणाले, "तिला हो म्हन, प्राजू. अक्काच्या सहीबिगर मी कोथिंबिरीची जुडी बी इकत न्हाई."

*

ईशा मॅडम नाशिकला निघाल्या होत्या, म्हणून पहिली भेट आळेफाट्याच्या हॉटेलात ठरली. आम्ही तिघं, म्हणजे नाना, शकीलभाई आणि मी, तासभर आधीच जाऊन बसलो. भेटल्यावर कळलं, की त्या माझ्याएवढ्याच आहेत आणि त्यांनाही दरदरून घाम फुटलाय. साठ हजारांना त्यांच्या सरांनी हो म्हटलं होतं आणि कंपनीतर्फे सही त्याच करणार होत्या. त्यांचा हा पहिलाच सौदा होता.

त्या म्हणाल्या, "पैसे आधी एका तिसऱ्याकडे जमा होतील. तुम्ही डोमेन दिलंत, की तो तुम्हाला पैसे देईल."

नाना म्हणाले, "तिसरा कोन? तुमचा का आमचा?"

"कुणाचाच नाही."

"जो कुनाचाच न्हाई, त्याच्याकडं पैसं ठिवायचं?"

"म्हणूनच तर सुरक्षित असतं ना नाना! तो दोघांनाही ओळखत नाही."

नानांनी मान वळवून गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहिलं. "आसं असंल तर या भाऊकडं ठिवा. ह्यो बी कुनाला वळखत न्हाई."

गल्ल्यावरचा माणूस नोटांवरची नजर न काढता म्हणाला, "ठिवा की. पन आधी मिसळीचं बिल द्या!"

सगळे हसलो. हसणं ओसरलं तेव्हा ईशा मॅडमनी पर्समधून कागद काढला आणि खाली बघत म्हणाल्या, "आणि नाना, एक अट आहे. तुमच्या रोपवाटिकेच्या बोर्डावरचं नावसुद्धा काढावं लागेल."

नानांनी कप खाली ठेवला.

"पत्ता दिला. डॉट इन बी दिला. बोर्ड मिळनार न्हाई."

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. शेडनेटवाला होता. पाइप गाडीत भरले आहेत, घेऊन येऊ का, विचारत होता. टोमॅटोची रोपं टाकायचे दिवस डोक्यावर आलेले, पैसे हातात आल्याशिवाय पाइप उतरवून घेता येत नव्हते. नाना फोनवर "थांब जरा" म्हणाले. ईशा मॅडम 'सरांना विचारून कळवते' म्हणून नाशिकला गेल्या.

*

पुढचे दोन आठवडे फोन नाही. शकीलभाई रोज विचारायचे, "आला का?" मी रोज मान हलवायची. नाना दुपारच्या उन्हात रोपांवर जुन्या साड्या बांधत होते. अक्कांनी ओतूरहून आणखी चार पाठवल्या. लांबून बघितलं की वाटायचं, वाफ्यावर कुणाचं तरी लग्न आहे.

शेवटी फोन आला. मी सवयीने गप्प बसले. ईशा मॅडम म्हणाल्या, "ओळखला तुमचा आवाज!" आणि हसल्या. त्यांनी सरांना पटवलं होतं. बोर्ड राहणार होता. शनिवारी त्या वकिलांना घेऊन कळंबला येणार होत्या.

*

शनिवारी दुकानात फ्लेक्सचं काम बंद ठेवलं. वकीलसाहेबांना चांगली खुर्ची दिली. समोर नाना आणि ईशा मॅडम. अक्का झेरॉक्स मशीनजवळच्या बाकावर, ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर. शेडनेटवाल्याचा टेम्पो पाइपांसकट बाहेर रस्त्याकडेला येऊन उभा होता. सही झाली, डोमेन दिलं आणि पैसे आले, की तो नानांच्या मागे रोपवाटिकेत जाणार होता.

वकीलसाहेब वाचू लागले. बरंच काही होतं. मग एक ओळ आली. "उपरोक्त बोर्ड वगळता, विक्रेता यापुढे सदर शब्दसमूहाचा वापर लेखी अथवा तोंडी स्वरूपात करणार नाही."

नाना म्हणाले, "तोंडी म्हंजी?"

"म्हणजे बोलण्यात."

"म्हंजी आमी बी हाय असं म्हनायचंच न्हाई?"

"नाही."

"आन कुनी दारात यिऊन इचारलं, कोन हाय का घरात, तर?"

वकीलसाहेब म्हणाले, "'मी आहे' असं म्हणा."

नानांनी करून पाहिलं. "मी आहे." मग विचार करून म्हणाले, "आन बायकू बी घरात आसंल तर?"

शकीलभाईंना खोकला आला. वकीलसाहेब काही हसले नाहीत. म्हणाले, "हे बघा, सगळीकडे हेच कलम असतं. नाव घ्यायचं तर पूर्ण घ्यायचं. कलम मान्य नसेल, तर सही होणार नाही."

ईशा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. नाना बाहेर उभ्या टेम्पोकडे बघत होते. बघत बघत त्यांनी चष्मा पुसला आणि पेनासाठी हात पुढे केला.

"ठीक," वकीलसाहेबांनी कागद फिरवला. "विक्रेते म्हणून तुम्ही एकटेच ना?"

बाकावरून आवाज आला, "आमी बी हाय."

मी दचकले. वकीलसाहेबही दचकले.

"या कोण?"

नाना म्हणाले, "अक्का. तिची बी सही घ्यायचीय. तिच्याबिगर मी काय इकत न्हाई."

वकीलसाहेबांनी घड्याळ बघितलं. "घ्या, माझी हरकत नाही. पण मावशी, आता म्हणालात तेवढं शेवटचं. हे वाक्य आता कंपनीचं होतंय. तुम्ही सही केलीत, की तुम्हालाही ते म्हणता येणार नाही."

"कुटंच न्हाई?"

"कुठंच नाही."

अक्कांनी पिशवी बाकावर ठेवली आणि उठून टेबलाजवळ आल्या. आवाज चढवला नाही की काही नाही.

"बरं. मग तुमच्या कंपनीला सांगा, येत्या सोमवारी ओतूरला या. आमच्या सासरी वाटपाची बैठक हाय. मालक गेल्यापसून दीर मला बोलवत न्हाईत. मी आपली जाती, दाराशी उभी ऱ्हाती आन येवडंच म्हनती. आता मला म्हनता यायचं न्हाई, तर तुमी येऊन म्हना. तितं कुनीतरी म्हनायला पायजे."

वकीलसाहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली.

ईशा मॅडमनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली, बाजूला स्वतःची सही केली आणि कागद अक्कांपुढे सरकवला.

अक्का ईशा मॅडमना म्हणाल्या, "आधी वाचून दाखव."